दोन सैनिकांच्या मधे काय आहे?

नऊ नंबरच्या नाण्याच्या मागच्या बाजूला दोन सैनिक समोरासमोर उभे आहेत, एवढं कळायला मला तीन आठवडे लागले. त्यांच्या मधे काय आहे हे कळायला आणखी सात महिने गेले. नाणं रोमन, चौथ्या शतकातलं, कांस्याचं, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठं. माझ्याकडे आलं तेव्हा ते मातीचा चपटा खडा होतं.

उशिराची रोमन नाणी जमवणाऱ्यांना हा छाप तोंडपाठ असतो. कडेने 'ग्लोरिया एक्सर्किटुस' असा लेख, म्हणजे सैन्याचा गौरव, आणि आत भाले-ढाली घेतलेले दोन सैनिक. इ.स. ३३० च्या सुमारास हा छाप सुरू झाला तेव्हा सैनिकांच्या मधे दोन ध्वज असत. ३३५ च्या सुमारास नाण्याचं वजन कमी केलं गेलं, छापही आखडला आणि एकच ध्वज उरला. त्यामुळे ध्वज मोजता आले की नाण्याचं वय पाच-सहा वर्षांच्या आत सांगता येतं. माझ्या नाण्याच्या दर्शनी बाजूला '…टीनुस इउन नोब क' एवढी अक्षरं पुढे सुटली. हा धाकटा कॉन्स्टंटाइन, बाप हयात असतानाचा 'कैसर', म्हणजे दुय्यम सम्राट. त्याचा बाप ३३७ च्या मे महिन्यात वारला आणि त्याच वर्षी मुलगा 'ऑगस्टस', म्हणजे पूर्ण सम्राट झाला, तेव्हा नाणं त्याआधीचं. एक ध्वज की दोन, दोन्ही शक्य. आणि नेमकं ध्वजांच्या जागी एक लालसर-काळं टेंगूळ बसलेलं.

हे प्रकरण त्या टेंगळाचं आहे. पण तिथवर पोचण्याआधी मी एक नाणं वाया घालवलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

चौदा खडे

एका मित्राने संग्रह आवरता घेतला तेव्हा त्याने न साफ केलेली चौदा नाणी माझ्या हातावर ठेवली. "बघ तुला काय काय सापडतं ते. आणि लिंबात टाकू नकोस," एवढं बोलला. मी मान डोलावली.

पहिल्या दिवशी केलेलं एक काम मात्र चांगलं केलं. प्रत्येक नाण्याला नंबर दिला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले, वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर घेतलं आणि व्यास लिहून ठेवला. साफ न केलेल्या नाण्याचं वजन मातीसकट येतं, मग ते कशाला घ्यायचं असं वाटू शकतं. त्याचा उपयोग नंतर होतो. उपचार चालू असताना वजन अपेक्षेपेक्षा जास्त उतरायला लागलं तर मातीबरोबर नाणंही जातंय हे काटा डोळ्यांच्या आधी सांगतो.

मग भिंगाखाली वाटणी केली. पाच नाण्यांवर नुसती माती होती. सहांवर कठीण हिरवा थर होता, गुळगुळीत आणि पक्का. दोन इतकी हलकी होती की आत धातू उरलाय की नाही याचीच शंका यावी. ती दोन मी आजतागायत पुसण्यापलीकडे हात लावलेली नाहीत. पूर्ण खनिज झालेलं नाणं बोटांच्या दाबानेही बिस्किटासारखं तुटतं. उरलेलं एक म्हणजे नऊ नंबर, ज्याच्यावर वरचं सगळं थोडं थोडं होतं.

तीन नंबरचं नाणं

तीन नंबर कठीण हिरव्या थरातलं होतं. थराखाली चेहऱ्याची बाह्यरेषा दिसत होती: कपाळ, नाक, मुकुटाची मागची गाठ. मला वाटलं, एवढं छान आहे, वरचं हिरवं गेलं की आतून लखलखीत राजा निघेल. आणि मी ते लिंबाच्या रसात टाकलं. फक्त वीस मिनिटं, असं स्वतःला सांगितलं.

बुडबुडे आले. आम्लाने कार्बोनेट विरघळलं की येतात तसे; हिरवा थर म्हणजे मॅलेकाइट, तांब्याचं कार्बोनेटच. रस हिरवट झाला. वीस मिनिटांनी काढलं तेव्हा नाणं गुलाबी होतं, खडबडीत होतं, आणि कपाळ, नाक, गाठ यांतलं काहीच त्यावर नव्हतं. वजन ०.४ ग्रॅमने उतरलं होतं.

राजाचा चेहरा गेला कुठे? तो हिरव्यातच होता. शेकडो वर्षं मातीत राहिलेल्या कांस्याच्या नाण्यात वरचा धातू हळूहळू खनिज होतो. धातूला लागून लाल क्युप्राइट, म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. त्याच्यावर हिरवं मॅलेकाइट, क्वचित निळं अ‍ॅझुराइट. त्याच्याही वर माती आणि वाळूचे कण, कधी हिरव्यातच रुतून बसलेले. ही अदलाबदल सावकाश आणि शांतपणे झाली असेल तर ठशाची मूळ पातळी खनिजाच्या थरात जशीच्या तशी उतरते. नाक आता खनिजाचं असतं, अक्षरं खनिजाची असतात. खाली जो धातू शिल्लक असतो तो झिजलेला, खड्डे पडलेला गाभा. आम्ल काय करतं, तर चेहरा विरघळवून गाभा उघडा पाडतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, बाजारात मिळणारी तांब्या-पितळेची पावडर, सगळ्यांची करणी थोड्याफार फरकाने तीच. विजेच्या उलट प्रवाहाने किंवा कॉस्टिक सोड्यात जस्त टाकूनही तेच होतं, फक्त जास्त झपाट्याने.

तांब्याच्या भांड्याला आपण 'कळकलं' म्हणतो आणि घासून टाकतो. भांड्यात ते बरोबर आहे, कारण खाली जाड निरोगी धातू असतो आणि त्याच्यावर वाचायचं काही नसतं. माझ्या हाताला तीच सवय होती.

तीन नंबर मी फेकलं नाही. ते डबीत वरच ठेवलंय, गुलाबी बाजू वर करून.

पाणी

बाकीच्या नाण्यांसाठी मी एकच द्रव ठरवला: ऊर्ध्वपातित पाणी. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, आणि तांब्याच्या जुन्या नाण्याचा खरा वैरी क्लोराइडच आहे, त्याबद्दल पुढे. प्रत्येक नाणं वेगळ्या काचेच्या वाटीत, वाटीवर नंबर. पहिला आठवडा रोज पाणी बदललं, नंतर आठवड्यातून दोनदा. बदलताना मऊ टूथब्रश हलक्या हाताने फिरवायचा, आणि पाण्याचा रंग वहीत लिहायचा.

बरेच जण तेलात भिजवतात. ऑलिव्ह तेलातली मुक्त मेदाम्लं पुटं सैल करतात हे खरं, पण ती तांब्याच्या खनिजांनाही हळूहळू खातात, आणि तेल एकदा छिद्रांत मुरलं की क्लोराइड बाहेर काढणारा पुढचा कोणताच उपचार आतपर्यंत पोचत नाही. मी तेल वापरलं नाही आणि त्याचा पश्चात्तापही नाही.

दुसऱ्या आठवड्यात चार नाण्यांची माती नुसत्या पाण्याने सुटली. त्यांतल्या तिघांवर एकच प्रसंग निघाला: पायी सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या स्वाराला भाला मारतोय. लेख 'फेल टेंप रेपारातिओ', सुखाचे दिवस परत आले. ३४८ च्या नाणेसुधारणेत आलेला हा छाप इतका पाडला गेला की प्रत्येक न साफ केलेल्या ढिगात तो असतोच. सुखाचे दिवस कोसळत्या घोडेस्वाराने का दाखवावेत, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

सहा नंबरने एक वेगळा धडा दिला. ते लिकिनियस या रोमन सम्राटाचं, ३२४ च्या आधीचं. अक्षरांच्या कुशीत राखाडी, किंचित चमकदार ठिपके दिसले. ती माती नव्हती, चांदी होती. त्या काळातल्या कांस्याच्या बऱ्याच नाण्यांवर चांदीचा अतिशय पातळ मुलामा असे. असा मुलामा खालच्या थराला जेमतेम धरून असतो. ब्रशच्या चार फेऱ्यांत तो गेला असता. त्या नाण्याच्या अक्षरांभोवतीची माती मी राहू दिली.

काटा आणि भिंग

पाण्याने जे सुटत नाही ते हाताने. वीसपट भिंग, बाजूने तिरका प्रकाश, आणि टोकदार पण मऊ हत्यार. लाकडी टूथपिक, बांबूची कोरलेली काडी, बाभळीचा काटा. यांत काटा मला सर्वांत आवडला: टोक सुईसारखं, पण नाण्यापेक्षा मऊ, त्यामुळे जोर जास्त लागला तर आधी काटा मोडतो. पोलादी सुई मी एकदाच घेतली आणि चार नंबरच्या गालावर एक पांढरी रेघ ओढली. ती अजून आहे.

काम ओल्यावर करायचं. उशिराच्या रोमन कांस्यात शिसं भरपूर असतं, आणि कोरडं खरवडलं की ती धूळ नाकात जाते. फुंकर मारायची नाही, मास्क लावायचा, जेवायच्या टेबलावर हे करायचं नाही, उठताना हात साबणाने धुवायचे. छंदवाल्यांच्या गप्पांत हा मुद्दा फार कमी येतो, म्हणून इथे लिहिला.

कुठे थांबायचं हे हाताला कळतं. वरची माती कण कण उडते. तिच्याखालचा पक्का हिरवा किंवा तपकिरी थर काट्याला निसरडा लागतो, जणू गुळगुळीत फरशीवर टोक सरकतंय. तो निसरडेपणा आला की ती मूळ पातळी. तिथून खाली गेलं की रंग लाल होतो. लाल दिसायला लागणं म्हणजे आपण चेहऱ्याच्या आत शिरलो.

टेंगूळ

आता नऊ नंबर. दोन्ही सैनिक सुटे झाले होते, ढाली दिसत होत्या, आणि मधे टेंगूळ. मी आधी वजनाकडे गेलो, कारण ते बिनधोक होतं. दोन ध्वजांच्या नाण्याचं ठरलेलं वजन साधारण अडीच ग्रॅम, एका ध्वजाच्या नाण्याचं दीड-पावणेदोनच्या आसपास. माझं भरलं १.९६. त्या काळी एकेक नाणं तोलून पाडत नसत, ठरावीक वजनाच्या धातूतून ठरावीक संख्या काढत, त्यामुळे एकेका नाण्यात बराच चढउतार असतो. १.९६ वरून काहीच ठरेना.

मग मी टेंगळाच्या कडेला काटा लावला. टोपी उचलावी तसा एक लाल पापुद्रा निघाला आणि खाली फिकट राखाडी-हिरवा, मेणासारखा पदार्थ दिसला. मी त्याच संध्याकाळी काम थांबवलं, नाणं पुसून बाहेर ठेवलं. दोन दिवसांनी त्या जागी फिक्कट हिरवी पूड फुलली होती. काट्याने टेकवली तर पिठासारखी उडाली.

याला इंग्रजी नावावरून 'कांस्याचा रोग' म्हणतात, पण त्यात जंतू वगैरे काही नसतं. मेणासारखा पदार्थ म्हणजे क्युप्रस क्लोराइड, नँटोकाइट. मातीतलं क्लोराइड धातूपर्यंत झिरपून लाल थराखाली अडकलेलं. ते कोंडलेलं असतं तोवर शांत असतं. हवा आणि ओल मिळाली की त्याचं फिकट हिरव्या क्षारात रूपांतर होतं आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. आम्ल शेजारचं तांबं खातं, त्यातून परत क्युप्रस क्लोराइड, आणि पुन्हा पहिल्यापासून. नव्या पुडीला जागाही जास्त लागते, म्हणून ती वरचा थर फोडून बाहेर येते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४० टक्क्यांच्या खाली असली तर हे चक्र जवळजवळ थांबतं. वर गेली की सुरू.

म्हणजे इतके दिवस जे झाकण मी अडथळा समजत होतो, ते नाण्याला सांभाळत होतं. ते मी उचललं होतं. ध्वज मोजायची गोष्ट बाजूला पडली.

एक शंका इथे येते आणि ती रास्त आहे: पक्कं गडद हिरवं आणि हे रोगट हिरवं ओळखायचं कसं? रंगापेक्षा पोत बघावा. निरोगी हिरवं नाण्याला घट्ट धरून असतं, काट्याने सुटत नाही. रोगट हिरवं फिकं, भुसभुशीत, ठिपक्याठिपक्यांनी येतं आणि पुसलं तरी काही दिवसांत त्याच जागी परत येतं.

सोड्याचे पाच महिने

आधी काट्याने जेवढी पूड आणि मेण निघेल तेवढं काढलं. याला पर्याय नाही. वरून औषध ओतून आतलं क्लोराइड निघत नाही. मग सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं ५ टक्के द्रावण. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २८ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा आणि २२ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळला की झालं. हे द्रावण आम्ल मारतं आणि क्लोराइड ओढून घेतं. पण ते निर्दोष नाही: सावकाश तांबंही विरघळवतं, आणि जास्त काळ ठेवलं तर पृष्ठभागावर निळसर छटा आणू शकतं. माझ्या नाण्याच्या कडेवर ती आली. धातुजतन करणारे अनेक जण हल्ली या पद्धतीकडे नाखुशीने बघतात ते याचमुळे. माझ्याकडे हातातलं, घरात करता येण्याजोगं तेच होतं.

द्रावण आठवड्याला बदललं. दर वेळी जुन्या द्रावणाची परीक्षा: थोडं परीक्षानळीत घ्यायचं, फसफस थांबेपर्यंत सौम्य नायट्रिक आम्लाचे थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. क्लोराइड असेल तर दुधी ढग उठतो. शेजारी न वापरलेल्या द्रावणाची नळी तुलनेला ठेवावी, नाहीतर सोड्यातलंच क्लोराइड आपल्याला फसवतं. आम्ल आधी घातलं नाही तर कार्बोनेटमुळेही गढूळ होतं. पहिल्या आठवड्यात मी हेच केलं आणि उगाच घाबरलो. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळा डाग कित्येक दिवस जात नाही, हातमोजे आणि चष्मा हवाच.

पहिले सहा आठवडे ढग. मग धूसर. अठराव्या आठवड्यात दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या. तरी दोन आठवडे जास्त ठेवलं. मग महिनाभर नुसत्या पाण्यात, सोडा निघून जावा म्हणून. मग अ‍ॅसिटोनमध्ये दोनदा बुडवून ओल काढली, खिडकी उघडी ठेवून आणि आसपास ज्योत नसताना.

पुढची पायरी बेंझोट्रायझोलची असते, अल्कोहोलमध्ये ३ टक्के. १९६७ पासून हे कांस्याच्या जतनात वापरात आहे. तांब्याशी जुळून ते पातळ संरक्षक पापुद्रा बनवतं. ते विषारी आहे, त्वचेला लागू द्यायचं नाही, वाफ हुंगायची नाही. मी ते स्वतः केलं नाही. रसायनशाळेत काम करणाऱ्या ओळखीच्या बाईंनी त्यांच्या धूर-कपाटाखाली, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, करून दिलं. "पुढच्या वेळी आधी विचारत जा, झाकण उचलल्यावर नको," त्या म्हणाल्या.

शेवटी कसोटी. बंद डबीत ओला कापूस आणि नाणं, एकमेकांना न लागता, दोन दिवस. रोग शिल्लक असेल तर इथेच फुलतो. फुलला नाही. मग परत वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हलका हात दिला. हे मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या सूत्राचं आहे, आणि ते नंतर सहज काढता येतं, म्हणून मला चालतं.

ध्वज

टेंगळाच्या जागी आता खड्डा होता. सैनिकांच्या मधे, कमरेपासून पायांपर्यंत, ठसा नावालाही नाही. रोगाने तो आधीच खाल्ला होता. टेंगूळ न उचलता ठेवलं असतं तरी त्याच्याखाली ध्वज नव्हताच.

मेण पुसताना प्रकाश तिरका पडला आणि मी सैनिकांच्या डोक्यांच्या मधली जागा बघितली. खड्ड्याच्या वर, कडेच्या लेखाला जवळजवळ टेकून, तिथे मातीचा पातळ पापुद्रा पहिल्या दिवसापासून तसाच होता. टेंगळाच्या नादात मी तिकडे काटा लावलाच नव्हता. पाण्याचा एक थेंब, काट्याची दहा मिनिटं. दोन टोकं निघाली. एक डावीकडच्या सैनिकाच्या शिरस्त्राणाजवळ, एक उजवीकडच्या. ध्वज एकच असता तर टोक मधोमध, एकटं असतं.

दोन ध्वज, म्हणजे ३३० ते ३३५. आणि अडीच ग्रॅमचं नाणं १.९६ का भरलं होतं त्याचंही उत्तर खड्ड्यात होतं.

खालच्या पट्टीत टांकसाळीची खूण असते. माझ्याकडे 'एस एम' ही दोन अक्षरं स्पष्ट आहेत. ही सुरुवात थेस्सालोनिका, निकोमेडिया, किझिकस, अँटिओक, अलेक्झांड्रिया अशा कितीतरी टांकसाळींची आहे, फरक पुढच्या अक्षरांत. ती अक्षरं पक्क्या लाल थराखाली आहेत, तसल्याच लाल थराखाली.

नाणं पॉलिएस्टरच्या पाकिटात आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकट लेप येतो, म्हणून ती सगळी टाकून दिली. पाकीट हवाबंद डबीत, डबीत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी. वहीतली नोंद अशी:

'क्र. ९. कॉन्स्टंटाइन दुसरा, कैसर. ग्लोरिया एक्सर्किटुस, दोन ध्वज. १७ मिमी. माती निघाल्यावर १.९६ ग्रॅम, आता १.७१. टांकसाळ: एस एम –. पट्टीवरची अक्षरं उघडायची नाहीत. पुढची तपासणी तीन महिन्यांनी.'